शिशाचं कुलूप

१५२४ च्या सप्टेंबरात टॅलिनमधल्या, म्हणजे आजच्या एस्तोनियाच्या राजधानीतल्या, एका चर्चच्या कारभाऱ्याने दाराच्या कुलपांत वितळलेलं शिसं ओतलं. घटना एवढीच. शहराचं नाव तेव्हा रेव्हाल होतं आणि चर्च सेंट निकोलसचं, ज्याला एस्तोनियन लोक निगुलिस्ते म्हणतात. लूथर या ख्रिस्ती धर्मसुधारकाच्या शिकवणीने पेटलेला जमाव त्या दिवशी गावभर फिरत होता. डोमिनिकन मठाचं चर्च फोडून झालं, सेंट ओलाफचं झालं, पवित्र आत्म्याचं झालं. मूर्ती फुटल्या, वेद्या उखडल्या, चांदी गेली. निगुलिस्तेच्या दाराशी मात्र गाडं अडलं आणि आतलं सगळं वाचलं. टॅलिनचा प्रत्येक गाइड ही गोष्ट अर्ध्या मिनिटात सांगतो, लोक हसतात आणि पुढे सरकतात. पण चर्चमधून बाहेर पडल्यावरही एक प्रश्न कुसळासारखा टोचत राहतो. पुढच्या रविवारी ते दार उघडलं कसं?

शिसं ३२७ अंशांना वितळतं. त्याला भट्टी लागत नाही, लाकडाच्या साध्या जाळावर लोखंडी पळीत काही मिनिटांत पातळ होतं. चर्चमध्ये ते शोधायला जावंच लागत नाही, कारण रंगीत काचांचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनीच जोडलेले असतात. कुलपाच्या भोकात ते ओतलं की आतल्या खाचा भरून निघतात आणि श्वासभराच्या वेळात सगळा गोळा थिजतो. किल्ली आत जात नाही, खिळा घालून खटपट करायला फट उरत नाही. जाड ओकचं दार मग कुऱ्हाडीने फोडायचं किंवा सोडून द्यायचं. घाईत असलेला जमाव सोडून देतो, त्याला पुढची कामं असतात. यातली खरी मेख अशी की शिसं ओतणाऱ्याने स्वतःच्या किल्लीवरही पाणी सोडलेलं असतं. जमाव बाहेर, तसा तोही बाहेरच. देवघर वाचवायचं म्हणून देवघराला स्वतःही मुकायचं, हा सौदा त्याने किती वेळात ठरवला असेल? भक्तीनेच ठरवला असेल असंही नाही. निगुलिस्ते हे जर्मन व्यापाऱ्यांनी बांधलेलं चर्च, आतल्या बहुतेक वस्तू व्यापारी संघांच्या पैशातून आलेल्या, भिंतींवर त्यांच्या घराण्यांची चिन्हं. पैसे मोजून आणलेला माल कोणी फुकटात फोडू नये, ही भावनाही पुष्कळ जुनी आणि पुष्कळ बळकट असते. गंमत म्हणजे त्यानंतर थोड्याच काळात हेच चर्च स्वतः लूथरचं झालं, आणि संतांची ती कॅथलिक वेदी पुढे शतकानुशतकं लूथरपंथी प्रार्थना ऐकत उभी राहिली.

ती वेदी आधी बघावी. बहुतेक लोक उलट करतात.

ल्यूबेक या जर्मन बंदरातल्या हेर्मेन रोडे याच्या कार्यशाळेने ती १४७८ ते १४८१ या काळात बनवली आणि समुद्रमार्गे टॅलिनला पाठवली. पैसे दिले ग्रेट गिल्ड या बड्या व्यापाऱ्यांच्या संघाने आणि ब्लॅकहेड्स या अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघाने. वेदी म्हटल्यावर डोळ्यांसमोर दगडी ओटा येईल, तर तसं नाही. ओटा खाली असतो. आपण बघायचं ते त्याच्यामागे उभं असलेलं प्रचंड लाकडी कपाट. पूर्ण उघडलं की सहा मीटरहून रुंद. दोन्ही बाजूंना पंखांसारखी दारं आणि त्या दारांना आणखी दारं. सगळं मिटलेलं असतं तेव्हा एक दर्शन, पहिली जोडी उघडली की दुसरं, दुसरी उघडली की तिसरं. मधल्या अवस्थेत सेंट निकोलस आणि सेंट व्हिक्टर यांच्या आयुष्यातले सोळा प्रसंग रंगवलेले दिसतात, आणि शेवटच्या अवस्थेत दोन रांगांत उभ्या असलेल्या, सोन्याने मढवलेल्या लाकडी मूर्ती. ते सोनं वर्षाचे मोजके सणाचे दिवस सोडले तर कोणाला दिसायचंच नाही. आपल्याकडे दुपारी देवापुढचा पडदा ओढतात तेव्हा रांगेतला माणूस चुळबुळतो पण तक्रार करत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. संग्रहालयात आलेला प्रवासी मात्र तक्रार करतो. तिकीट काढलंय, मग पंख मिटलेले का? ज्या दिवशी जाल त्या दिवशी जी अवस्था असेल ती पदरात पडते. उरलेल्यांसाठी जवळ लावलेले फोटो बघायचे.

पंख रोज का उघडत नाहीत याचं उत्तर लाकडात आहे. ओकची फळी तंतूंच्या दिशेने फारशी हलत नाही, आडवी मात्र हलते. हिवाळ्यात खोली तापवली की हवा कोरडी पडते आणि फळी आक्रसते. उन्हाळ्यात समुद्राची दमट हवा आली की फुगते. तिच्यावर खडू आणि सरसाचा पांढरा अस्तर-थर, त्यावर रंग, कुठे तांबूस मातीचा हात देऊन चिकटवलेला सोन्याचा वर्ख. हे थर लाकडाएवढे लवचिक नाहीत. लाकूड सरकतं, थर सरकत नाहीत, मधे पोकळी होते, रंग आधी फोडासारखा उचलतो आणि मग पापुद्रा सुटतो. त्यात पाचशे वर्षांच्या बिजागरीवर जड दार फिरवायचं म्हणजे प्रत्येक वेळी एक छोटा हादरा. २०१३ पासून काही वर्षं या वेदीचा बारकाईने अभ्यास आणि दुरुस्ती झाली, इन्फ्रारेडने रंगाखालची मूळ रेखाटनं पाहिली गेली. ज्यांना चित्र कसं बनतं यात रस आहे त्यांनी सोळा चौकटींपैकी एकच निवडावी आणि तिच्यासमोर दहा मिनिटं काढावीत. सोळाही बघायला गेलं की एकही लक्षात राहत नाही. चेहऱ्यांपेक्षा मागची गावं बघावीत. रोडे हा ल्यूबेकचा माणूस, संताची गोष्ट कुठल्याही देशातली असो, मागे घरं आपल्या गल्लीतली रंगवायचा.

आता ज्यासाठी सगळे येतात ते चित्र. बेर्न्ट नोटके या ल्यूबेकच्याच चित्रकाराचं 'मृत्यूचं नृत्य', १५ व्या शतकाच्या अखेरचं. उंची साधारण १.६ मीटर, लांबी साडेसात मीटर. फळीवर नाही, भिंतीवर नाही, कापडावर. मध्ययुगात असली नृत्यं युरोपभर रंगवली गेली, पण त्या काळातलं कापडावरचं उरलेलं हे एकटंच. आकृत्या जवळपास माणसाएवढ्या आहेत, त्यामुळे बघणारा आपोआप रांगेत उभा राहतो. डाव्या टोकाला व्यासपीठावर एक धर्मोपदेशक. त्याच्या पायाशी मृत्यू मांडी ठोकून पिशवीचा पावा वाजवतोय. त्याच्यापुढे दुसरा मृत्यू खांद्यावर शवपेटी घेऊन नाचत निघालाय, आणि त्याने पोपला हाताशी धरलंय. मग सम्राट, सम्राज्ञी, कार्डिनल, राजा. मान उतरत जातो, दोघांच्या मधे प्रत्येक वेळी एक मृत्यू. आकृत्यांच्या खाली जुन्या सखल जर्मन भाषेत पद्य आहे. प्रत्येक जण गयावया करतो आणि मृत्यू उत्तर देतो. उपदेशक पहिल्याच ओळींत श्रीमंत-गरीब, तरुण-म्हाताऱ्या सगळ्यांना सांगतो की हा आरसा आहे, यात बघा.

बघण्याची रीत अशी. आधी तीन-चार मीटर मागे उभं राहून हातांची साखळी डावीकडून उजवीकडे डोळ्यांनी पकडावी. मग जवळ जाऊन पाय बघावेत. नाचतोय फक्त मृत्यू. पोपचे पाय, सम्राटाचे पाय जड, झग्याखाली रुतलेले. ज्यांना नाचायला नेलंय ते नाचत नाहीत, ही या चित्रातली सगळ्यात क्रूर जागा आणि सगळ्यात विनोदीही. तिसऱ्यांदा बघावेत ते पोशाख. सम्राज्ञीच्या वस्त्राचा पोत नोटकेने इतक्या प्रेमाने रंगवलाय की त्याला उपदेश करायचा होता की कापड विकायचं होतं, अशी शंका यावी. ज्या चर्चमध्ये व्यापारी बसायचे तिथे दोन्ही चाललं असेल.

राजापर्यंत आलं की चित्र संपतं. खरं तर संपत नाही, तुटतं. पुढे कितीतरी लोक होते.

ते कोण असावेत हे कळतं ते ल्यूबेकमुळे. तिथल्या मारिया चर्चमध्ये नोटकेनेच १४६३ साली असंच नृत्य रंगवलं होतं, सुमारे तीस मीटर लांब, पोपपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत. ते जीर्ण झालं म्हणून १७०१ मध्ये त्याच्या जागी नक्कल रंगवून बसवली, आणि ती नक्कल १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. म्हणजे मूळ गेलं, नक्कल गेली, आणि बाल्टिकच्या दुसऱ्या टोकाला हा साडेसात मीटरचा तुकडा राहिला. ज्यात फक्त बडी माणसं आहेत. शेतकरी, कारागीर, तरुण मुलगी, बाळ, म्हणजे चर्चमध्ये खरोखर येणारी माणसं, ती सगळी उजवीकडच्या तुटलेल्या भागात गेली. मृत्यू सगळ्यांना सारखं वागवतो असं सांगणाऱ्या चित्रातून काळाने नेमकी साधी माणसं कापून टाकली, याला काय म्हणावं? पुढच्या रिकाम्या जागेशी बघणाराच येऊन उभा राहतो, असं म्हणण्याचा मोह होतो. पण ते फार सोपं आहे. कापडाची कड कड आहे, तिथे उभं राहून वाईट वाटतं, एवढंच खरं.

शिशाच्या कुलपाने १५२४ मध्ये जे साधलं ते १९४४ मध्ये साधणार नव्हतं. ९ मार्चच्या रात्री सोव्हिएत विमानांनी टॅलिनवर बॉम्ब टाकले. निगुलिस्तेचा मनोरा आणि छप्पर जळालं, आतला भाग उजाड झाला. शेजारच्या हार्यू रस्त्यावरची घरांची ओळच्या ओळ गेली. वेदी आणि नृत्य वाचलं, पण दार बंद होतं म्हणून नव्हे. चर्च आधीच रिकामं केलं होतं. चारशे वीस वर्षांत शहाणपणाची दिशा नेमकी उलटी झाली. आधी वस्तू आत कोंडून वाचवली, नंतर बाहेर काढून. युद्धानंतर चर्च सावकाश उभं राहिलं, इतकं सावकाश की काम संपत आलं असताना १९८२ च्या ऑक्टोबरात मनोऱ्याला पुन्हा आग लागली. १९८४ साली ते उघडलं, आता संग्रहालय आणि संगीताचं सभागृह म्हणून. तेव्हा आत उभं राहून 'तेराव्या शतकातलं चर्च' असं म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी. जागा तेराव्या शतकातली, भिंतींचा दगड पुष्कळसा जुना, वरचा सांगाडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. टॅलिनमध्ये हा हिशेब सतत करावा लागतो. नगरपालिकेची १४०४ ची इमारत तीच आहे, तिचा शेंडा मात्र १९४४ मध्ये जळाला, म्हणून वरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा शिपाई, वाना तोमास, आज जो फिरतो तो नवा. यात फसवणूक काही नाही. फक्त प्रत्येक इमारतीपुढे 'यातलं काय कधीचं' हा प्रश्न विचारायची सवय लावून घेतली की हे गाव रंगीत खोक्यांच्या देखाव्यातून बाहेर येतं.

बंद दारांचा शोध घेत निघालं तर पुढची पायरी वर तोम्पेआच्या टेकडीकडे जाते. वर सरदार आणि बिशप, खाली व्यापारी आणि कारागीर. दोन्हींचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, आणि एकमेकांवर भरवसा शून्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही दोन कायदेशीरपणे वेगळी गावंच होती. वर जायच्या दोन वाटा, पिक्क यल्ग आणि ल्युहिके यल्ग, म्हणजे लांब पाय आणि आखूड पाय. शहर लंगडतं असं टॅलिनकर म्हणतात ते यामुळे. दोन्ही वाटांवर वेशीचे बुरूज आहेत आणि रात्री ती दारं लागायची. आखूड पायावरचं खिळे ठोकलेलं लाकडी दार अजून तिथे आहे, रोज हजारो लोक त्याला खेटून जातात आणि एखादाच वळून बघतो. चढताना पिक्क यल्ग घ्यावी, चढ हळू आहे. उतरताना ल्युहिके यल्ग, पायऱ्या आहेत. पावसात याच्या उलट केलं तर गुळगुळीत गोट्यांवरून घसरण्याची पूर्ण सोय आहे. चपटे, रबरी तळव्याचे बूट सोडून दुसरं काही घालू नये.

वर तोमकिरिक, म्हणजे सेंट मेरीचं मुख्य चर्च आहे. भिंतींवर सरदार घराण्यांची लाकडात कोरलेली शंभरहून जास्त मानचिन्हं टांगलेली, काही माणसाहून उंच. पण बघायची ती उंबरठ्यातली फरशी. ओटो योहान थुव्हे नावाच्या रंगेल जमीनदाराने आपल्याला दारातच पुरावं असं सांगून ठेवलं होतं. एक आवृत्ती म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी पाप झिजावं म्हणून. दुसरी म्हणते, मेल्यावरही बायकांच्या झग्याखालून बघता यावं म्हणून. मराठी माणूस त्या फरशीशी थबकला तर ते पंढरपूरच्या नामदेव पायरीमुळे. तिथे संताने भक्तांच्या पायांची धूळ मागितली, इथे एका लफडेबाजाने. मागणी तीच. कुठली आवृत्ती खरी या भानगडीत न पडता लोक पाय देऊन आत जातात, म्हणजे त्याचं काम होतंच आहे.

काही दारांची गोष्ट विसाव्या शतकातली आहे. ओलेविस्ते, म्हणजे सेंट ओलाफच्या चर्चच्या मनोऱ्यावर सोव्हिएत काळात केजीबी या गुप्तहेर खात्याचं रेडिओ आणि टेहळणीचं ठाणं होतं. खाली बॅप्टिस्टांची प्रार्थना, वर कान लावून बसलेलं सरकार. आता उन्हाळ्याच्या सहामाहीत तिथे तिकीट काढून चढता येतं. दोनशेहून जास्त दगडी पायऱ्यांचा अरुंद गोल जिना, आधाराला दोर, जाणारे आणि येणारे त्याच जिन्यावर. मधे कोणी उतरणारा भेटला की एकाने भिंतीला पाल व्हायचं. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी खालूनच १२४ मीटरचा शेंडा बघून समाधान मानावं, त्यात कमीपणा नाही. त्याहून विलक्षण दार विरू हॉटेलात आहे. १९७२ साली परदेशी पाहुण्यांसाठी बांधलेल्या या इमारतीत लिफ्ट २२ व्या मजल्यापर्यंत जायची. त्याच्यावर एक मजला होता, जो नव्हता. तिथल्या दारावर रशियनमध्ये लिहिलंय: 'इथे काही नाही.' आत खोल्यांमधलं बोलणं ऐकण्याची यंत्रणा होती. आता तो मजला संग्रहालय आहे, पण तिथे नुसतं जाता येत नाही. वेळ ठरवून, गाइडबरोबरच जावं लागतं, आणि इंग्रजी फेऱ्या लवकर भरतात, म्हणून आधीच जागा धरून ठेवावी. दिखाऊपणा थोडा आहे. तरी दारावरचं ते वाक्य वाचलं की निगुलिस्तेचा कारभारी आठवतो. त्यानेही कुलूप बुजवताना जमावाला हेच सांगितलं, शब्दांशिवाय.

एस्तोनियाच्या स्वतःच्या चित्रांना तर दारच नव्हतं. कला संग्रहालय स्थापन झालं १९१९ साली. दोन वर्षांनी त्याला काद्रिओर्गचा राजवाडा मिळाला. पीटर द ग्रेटने पत्नी कॅथरीनसाठी १७१८ मध्ये बांधायला घेतलेला, निकोला मिकेत्ती या इटालियनाने आखलेला उन्हाळी महाल. १९२९ मध्ये तो राष्ट्रप्रमुखाला राहायला हवा झाला आणि चित्रं बाहेर पडली. १९४४ च्या त्याच मार्चमधल्या रात्री संग्रहाचा मोठा भाग जळाला. उरलेलं पुन्हा महालात आलं. १९९१ मध्ये महालच पडायला आला म्हणून बंद केला, चित्रं तोम्पेआवर सरदारांच्या जुन्या सभागृहात गेली. शेवटी २००६ मध्ये कुमू उघडलं, देशाच्या कलेसाठी मुद्दाम बांधलेलं पहिलं मोठं घर. चार-पाच भाड्याची घरं बदलून साठीनंतर स्वतःची जागा घेणाऱ्या कुटुंबासारखं हे सगळं. फक्त इथे साठी नाही, ८७ वर्षं.

कुमू काद्रिओर्ग बागेच्या टोकाला, चुनखडीच्या कड्यात अर्धं रुतवून बांधलंय. आराखडा पेक्का वापावुओरी या फिनिश स्थापत्यकाराचा. दगड, तांबं, काच, आणि एक प्रचंड वळण. ट्रॅमने काद्रिओर्गला उतरून बागेतून चालत जावं, वाटेत राजवाडा लागतो. महालात परदेशी चित्रं आहेत, डच, जर्मन, इटालियन, रशियन. खरं सांगायचं तर चित्रांपेक्षा दोन मजली उंचीचा मुख्य दालनाचा चुनेगच्चीचा साज जास्त लक्षात राहतो. छतावर पुराणकथेतले डायाना देवी आणि शिकारी ॲक्टिऑन. एक तास पुरे. कुमूला मात्र तीन तास द्यावेत, आणि तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात करावी. तिसऱ्यावर अठराव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतची एस्तोनियन कला, चौथ्यावर सोव्हिएत काळ, त्याच्यावर नंतरचं. लिफ्टने थेट वर जाऊन खाली येत राहिलं तर कथा उलटी ऐकू येते.

तिसऱ्या मजल्यावर कोनराड मॅगी हा एस्तोनियन चित्रकार थांबवतो. १९१३-१४ मध्ये सारेमा बेटाच्या किनाऱ्यावर त्याने रंगवलेली चित्रं अशी आहेत की उत्तरेकडचं आकाश राखाडी असतं हा समज पाच मिनिटांत मोडतो. पायाशी उगवणारी समुद्रकोबीसारखी झुडपं, ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली, निळी-जांभळी-हिरवी, जणू आतून दिवा लावलेली. मग एक मजला चढायचा. रंग उतरतो. कारखाने, शेतं, सभा, हसणारे कामगार. खोलीभर हसू आणि एकही माणूस आपल्याकडे बघत नाही. ही चित्रं वाईट म्हणून पुढे पळणारे पुष्कळ असतात, पण पळू नये. यातल्या कित्येकांचे हात मॅगीच्या नंतरच्या पिढीचेच आहेत, ब्रश धरायची सवय तीच, आणि ती कुठेतरी कोपऱ्यातल्या एका गवताच्या पट्ट्यात, एका सावलीत सुटलेली दिसते. तीच शोधायची. याच पिढीतला युलो सोस्टर १९४९ मध्ये पकडला गेला, १९५६ पर्यंत कझाकस्तानातल्या कारागांडाच्या श्रमछावणीत होता. सुटल्यावर मॉस्कोत राहून त्याने पुन्हा पुन्हा जुनिपरची झुडपं आणि अंडी काढली. अंडं म्हणजे बाहेरून कुलूप नसलेली बंद खोली, असं कोणी म्हटलं तर म्हणू द्यावं. त्याच्या चित्रांसमोर शब्द जरा जपून वापरावेसे वाटतात.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. हेलसिंकीहून बोट दोन तासांत येते, म्हणून फिनलंडमधले आणि युरोप सहलीवरचे आपले लोक टॅलिनला एकच दिवस देतात, आणि तो नेमका सोमवार निघतो. सोमवारी इथली बहुतेक संग्रहालयं बंद, हिवाळ्यात काही मंगळवारीही. वेळा निघायच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघाव्यात. एका दिवसात निगुलिस्ते आणि जुनं गाव, किंवा काद्रिओर्ग आणि कुमू. दोन्ही कोंबलं तर दुपारी चारनंतर सगळी चित्रं सारखी दिसू लागतात. डिसेंबरात सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो, तेव्हा चर्च सकाळी अकरा ते एकच्या मधे बघावं आणि कुमूसारखी दिव्यांची जागा संध्याकाळवर टाकावी. जूनमध्ये उजेड रात्री साडेदहापर्यंत असतो, पण दारं सहाला लागतात. लोक नेमकं हेच विसरतात. जाड कोट आणि पाठीवरची पिशवी बाहेर ठेवावी लागते. फ्लॅश वापरू नये. आणि निगुलिस्तेत ऑर्गनचा कार्यक्रम असेल तर संग्रहालयाच्या वेळा बदलतात, हे पाहून घ्यावं.

शेवटी पुन्हा कुलपाशी. शिशाच्या गोष्टीने सगळं नीट समजावलंय असं वाटत असतानाच पिक्क रस्त्याजवळचं प्युहावैमू, म्हणजे पवित्र आत्म्याचं चर्च, गोंधळ करून ठेवतं. या चर्चला शिशाचं कुलूप लाभलं नाही, १५२४ मध्ये जमाव इथे शिरला होता. आणि तरी इथे बेर्न्ट नोटकेची १४८३ ची वेदी उभी आहे. पंखांची, कोरीव, मधे मेरी आणि भोवती प्रेषित, सगळे वर बघताहेत. तीही नुसती वाचली नाही, तिच्या मूळ चर्चमध्ये आहे, संग्रहालयात नाही. जमावाला ती दिसली नसेल असं शक्य नाही. गाव छोटं, चर्च छोटं, वेदी दारातून समोरच दिसते. इथे येणारे कारागीर, नोकर-चाकर, एस्तोनियन बोलणारे लोक. मूर्ती फोडणारे आणि या बाकांवर बसणारे यांच्यात कितीतरी चेहरे सारखे असणार. ज्या हातांनी दुसरीकडे घण घातला ते इथे का थांबले? कारभाऱ्याच्या पळीत मावेल असं उत्तर याला नाही, आणि निगुलिस्तेची गोष्ट मग जरा जास्तच हुशार वाटू लागते.

तिथे प्रार्थना आजही चालते. चालू असेल तर बाहेर थांबावं. भिंतीवर ख्रिस्तियान आकरमानने कोरलेलं १६८४ चं घड्याळ आहे, तोवर ते बघता येतं.